रंग बदलणारे स्मार्ट दिवे : घरात कुठे लावावेत, कुठे पैसे वाया जातात

निळ्या उजेडात तांबडा रस्सा वाढून बघा. काळपट दिसतो, वरचा कट तर डांबरासारखा. तांबडी वस्तू तांबडा उजेड परत फेकते म्हणून ती तांबडी दिसते. निळ्या दिव्यात तांबडा उजेडच नसतो, मग परत फेकायला काही उरत नाही. जेवणाच्या टेबलावर रंगीत बल्ब लावायचा बेत असेल तर हे आधी ध्यानात घ्या. खोक्यावर ‘१ कोटी ६० लाख रंग’ असं छापलेलं असतं. लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, त्यांचा हा गुणाकार. रोजच्या वापरात घर चार-पाच छटांवर येऊन थांबतं, आणि त्यातल्या तीन पांढऱ्याच्याच असतात.

म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. मोबाईलवरून चालणाऱ्या या स्मार्ट बल्बात खरा उपयोगाचा आहे तो पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा पांढरा होणारा उजेड. रंगीत उजेड घरातल्या एक-दोन जागांपुरता ठीक आहे, आणि त्या जागांना बल्बापेक्षा एलईडी दिव्यांची पट्टी बरी.

पांढऱ्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात. २,७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बासारखा, ४,००० मधला, ६,५०० म्हणजे ट्यूबचा निळसर पांढरा. मुलांच्या अभ्यासाला, स्वयंपाकाच्या ओट्याला ४,००० ते ५,०००. रात्री नऊनंतर बेडरूममध्ये २,७०० आणि तोही मंद. निळसर उजेडानं झोपेचं मेलाटोनिन दबतं, त्यामुळे रात्रीचा हा बदल नुसत्या हौसेचा नाही. देवघरासाठी खोकं नीट वाचून घ्या. समईच्या ज्योतीचा उजेड १,९०० केल्विनच्या आसपास असतो. बल्बाची खालची मर्यादा २,२०० असेल तर तो समईशेजारी शोभतो. २,७०० ला थांबणारा बल्ब ज्योतीजवळ पांढराफटक वाटतो. त्याशिवाय सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, बघा. ८० चालून जातो, पण आरशापुढे, कपाटापुढे ९० असलेला घ्या. साडीचा रंग दुकानात एक आणि घरात एक दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते.

९ वॅटचा रंगीत स्मार्ट बल्ब साधारण ५०० ते ९०० रुपयांना पडतो. तेवढ्याच वॅटचा साधा एलईडी शंभराच्या आसपास येतो. पांढऱ्या उजेडात दोघांचा प्रकाश सारखाच, ८०० ल्युमेनच्या घरात. रंगावर गेलं की तो कोसळतो, कारण आतले सगळे दिवे न लागता फक्त त्या रंगाचे लागतात. शिवाय आपल्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात जास्त जाणवतो, लाल आणि निळा कितीतरी कमी. गडद निळ्यात वर्तमानपत्र वाचता येणार नाही. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत हा एकच बल्ब मुख्य दिवा म्हणून पुरत नाही. २० वॅटची एलईडी ट्यूब राहू द्या, स्मार्ट बल्ब सोबतीला.

आता ज्यावर सगळं अडतं ते भिंतीवरचं बटण. स्मार्ट बल्बाला चोवीस तास वीज हवी. घरातली थोरली माणसं झोपताना सगळी बटणं बंद करत जातात, आणि ती योग्यच करतात, आयुष्यभराची सवय आहे. पण बटण बंद झालं की बल्ब नेटवर्कवरून गेला. सकाळी ६ ला उजेड वाढवायचं लावलेलं वेळापत्रक गप्प. आठवड्याभरात घर पुन्हा बटणावर येतं आणि नऊशेचा बल्ब शंभराच्या बल्बाचं काम करायला लागतो.

यावर तीन तोडगे आहेत. पहिला, असा बल्ब घ्या ज्यात बटण पटकन बंद-चालू केलं की दुसरी छटा लागते. विझ (WiZ) कंपनीच्या बल्बांत ही सोय आहे. अॅपमध्ये दोन छटा ठरवून ठेवायच्या, एक अभ्यासाची, एक रात्रीची. आजी-आजोबांना मोबाईल हातात घ्यावाच लागत नाही. दुसरा, बल्ब साधा ठेवून बोर्डाच्या मागे स्मार्ट स्विचचं मॉड्यूल बसवा. त्याला बहुतेक वेळा न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाणारी वायर, लागतो. बोर्डात प्लग पॉइंट असेल तर न्यूट्रल तिथे आलेला असतो. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात बहुधा फक्त फेज सापडेल. मॉड्यूल विकत घेण्याआधी वायरमनकडून बोर्ड उघडून बघून घ्या. एक चूक मात्र होऊ देऊ नका. स्मार्ट स्विच आणि स्मार्ट बल्ब एकाच लाईनवर नकोत, आणि डिमरच्या जुन्या रेग्युलेटरवर स्मार्ट बल्ब तर कधीच नको. तो फडफडतो, गुणगुणतो आणि लवकर जातो.

तिसरा तोडगा सगळ्यात स्वस्त, आणि दुकानदार तो आपणहून क्वचितच सांगतो. ‘थ्री इन वन’ म्हणून एलईडी बल्ब आणि पॅनेल मिळतात. बटण एकदा दाबलं की पांढरा, बंद करून लगेच दाबलं की पिवळा, पुन्हा केलं की मधला. वायफाय नाही, अॅप नाही, पासवर्ड नाही. ज्यांना फक्त दिवसा पांढरा आणि रात्री पिवळा उजेड हवा आहे त्यांनी इथेच थांबावं. कोल्हापुरातल्या निम्म्याहून जास्त घरांना एवढं पुरेल असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं.

तरीही स्मार्टच घ्यायचा असेल, तर पावसाळ्याचा विचार आधी करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाईट जायला वारा आणि चार सरी पुरतात. लाईट आली की अनेक बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागतात. रात्री अडीचला सगळं बेडरूम लख्ख. याचा उपाय अॅपमध्येच असतो. बल्ब जोडल्या-जोडल्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचं’ हा पर्याय शोधा आणि ‘आधीची स्थिती’ निवडा. दुसरा त्रास याहून चिवट आहे. बहुतेक बल्ब नव्यानं जोडण्यासाठी तीन ते पाच वेळा भराभर बंद-चालू करायचे असतात. वादळात लाईटही नेमकी तशीच झटके देत येते-जाते. बल्बाला वाटतं, आपल्याला नव्यानं जोडताहेत; तो जुनं सगळं विसरून लुकलुकत बसतो. बल्ब बिघडलेला नसतो, पुन्हा जोडला की चालतो. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे या दिव्यांची लाईन आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नसेल तर निदान राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, कारण लाईट आल्यावर बल्ब सेकंदात तयार होतो, राउटरला एक-दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ अॅप ‘ऑफलाइन’ दाखवत राहतं.

जोडणी करताना अडतं ते बहुधा वायफायच्या बँडवर. हे बल्ब २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरनं २.४ आणि ५ चं नाव एकच ठेवलं असेल आणि बल्ब जोडला जात नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ५ तेवढ्यापुरतं बंद करा, बल्ब जोडून घ्या, मग चालू करा. सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ असेल तर तो डब्ल्यूपीए२ वर आणा. पुढे कधी राउटर बदलाल तेव्हा नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. सगळे बल्ब आपोआप परत येतात. नाव बदललंत तर शिडी घेऊन एकेक बल्ब नव्यानं जोडत बसावं लागतं.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत भिंती दीड-दोन फुटांच्या. दगडामातीच्या अशा दोन भिंती ओलांडता ओलांडता वायफाय दमतं. सोप्यात राउटर आणि माडीवर बल्ब असं असेल तर आधी मोबाईल माडीवर नेऊन २.४ चा सिग्नल बघा, मगच खर्च करा. दहा-बाराच्या वर दिवे करायचे झाले तर वायफायचा नाद सोडून झिगबी या दुसऱ्या बिनतारी पद्धतीकडे वळावं. २०१२ मध्ये आलेली फिलिप्स ह्यूची पद्धत ती हीच. दिवे एकमेकांना निरोप पुढे देत जातात, राउटरवर भार पडत नाही, इंटरनेट बंद असलं तरी घरातल्या घरात चालतं. किंमत मात्र कित्येक पट, वर हब, म्हणजे या दिव्यांना राउटरशी जोडणारा डबा, वेगळा. २ बीएचकेला एवढा खर्च आम्ही सुचवणार नाही.

विजेची काळजी फारशी नको. बंद असतानाही बल्ब नेटवर्क ऐकत असतो, त्याला अर्ध्या वॅटच्या आसपास लागतं. वर्षाला साधारण साडेचार युनिट, म्हणजे युनिटला १० रुपये धरले तरी एका बल्बामागे ४५ रुपये.

आता पट्टी. रंगाची खरी मजा तिच्यातच आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. बाजारात ५ मीटरचं रीळ येतं, नेहमीची पट्टी १२ व्होल्टची, मीटरला ६० दिवे. ५०५० जातीची (५ मिलिमीटर चौकोनी दिव्यांची) असेल तर सगळे रंग पूर्ण लागल्यावर मीटरला १४.४ वॅट, म्हणजे ५ मीटरला ७२ वॅट आणि ६ अँपिअर. त्यावर वीस टक्के शिल्लक धरा: ९० वॅटचा, साडेसात अँपिअरचा अॅडॉप्टर. खोक्यात पुष्कळदा २ अँपिअरचा देतात. तो तापतो, पट्टी मंद जळते आणि ऐन सणात अॅडॉप्टर जातो. १० बाय १२ च्या खोलीच्या पीओपीला चारही बाजूंनी पट्टी फिरवायची तर ४४ फूट, जवळजवळ साडेतेरा मीटर. तीन रिळं लागतील. ती एकापुढे एक जोडायची नाहीत. प्रत्येक रिळाला अॅडॉप्टरपासून वेगळी वायर द्या आणि मध्ये सिग्नल अॅम्प्लिफायर बसवा.

एकापुढे एक जोडली तर काय होतं ते डोळ्यानं दिसतं. पट्टी पांढऱ्यावर ठेवा आणि तिच्याकडेनं चालत जा. सुरुवातीला पांढरी, मध्यावर पिवळट, शेवटाला गुलाबी-तांबूस. रंगाची सेटिंग चुकलेली नसते. लाल दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास हवेत. पट्टीच्या बारीक तांब्यात व्होल्टेज गळत गेलं की हिरवा-निळा आधी मंदावतो आणि लाल तेवढा तग धरतो. दोन्ही टोकांनी वीज द्या, अॅडॉप्टर पट्टीच्या जवळ ठेवा, वायर दीड चौरस मिलिमीटरची घ्या. नव्यानंच घेत असाल तर २४ व्होल्टची पट्टी घ्या, अँपिअर निम्मे होतात आणि हा प्रश्नही बराचसा मिटतो.

पट्टी कुठेही कापायची नाही. १२ व्होल्टवाली दर तीन दिव्यांनी, म्हणजे दर ५ सेंटिमीटरला, तांब्याच्या ठिपक्यांमधून जी रेघ मारलेली असते तिथेच. जोडाला चिमट्याचे कनेक्टर वापरू नका. आपल्या पावसाळी दमटपणात तांब्याचे ठिपके हिरवे-काळे पडतात आणि एक रंग येईनासा होतो. सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवा. पट्टीमागचा चिकट कागद डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही, भिंतीची पूड घेऊन खाली येतो. अॅल्युमिनियमची चॅनेल स्क्रूनं बसवून त्यात पट्टी चिकटवा. ती सरळ राहते आणि थंडही राहते. पीओपीच्या खाचेत पट्टी कडेपासून आठ-दहा सेंटिमीटर आत हवी, नाहीतर एकेक दिव्याचा ठिपका छतावर उमटतो. आणि पीओपीवाला छत बंद करण्याआधी अॅडॉप्टरसाठी हात जाईल एवढी उघडी जागा ठेवून घ्या. अॅडॉप्टर पट्टीच्या आधी जाणार. तेव्हा छत फोडायची वेळ येऊ नये.

पांढरा उजेडही हवा असेल तर आरजीबीडब्ल्यू पट्टी घ्या, तिच्यात लाल-हिरव्या-निळ्यासोबत पांढरा दिवा वेगळा असतो. नुसत्या आरजीबीत लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा करतात, तो निळसर आणि आजारी दिसतो.

लक्ष्मीपुरीत किंवा राजारामपुरीत दुकानात घेणार असाल तर तिथेच लावून बघा. होल्डर पिनचा बी२२ आहे की आट्यांचा ई२७, ते घरी बघून जा. स्मार्ट बल्बाची मान साध्यापेक्षा बऱ्याचदा लांब असते, छोट्या काचेच्या शेडमध्ये बसत नाही. आणि पूर्ण बंद काचेत कोंडून तापला की आतलं सर्किट लवकर जातं. बल्बावर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक हवाच. बिलावर वॉरंटी लिहून घ्या. गच्चीत, गॅलरीत पावसाचे शिंतोडे येतात तिथे हे बल्ब चालत नाहीत. पट्टी लावायची तर आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) किंवा त्यापुढची, आणि अॅडॉप्टर घरात.

गौरी-गणपतीच्या आराशीसाठी स्मार्टचा खर्चच नको. रिमोटवाली ५ मीटरची साधी पट्टी मखराच्या मागच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून लावा. मूर्तीवर थेट रंग टाकू नका, शाडूच्या मूर्तीचं रंगकाम बिघडलेलं दिसतं; तिच्यासाठी समोरून एक २,७०० केल्विनचा साधा दिवा द्या. अॅडॉप्टर कापडात गुंडाळलेला नको, मोकळ्या हवेत, जमिनीपासून वर. विसर्जनानंतर पट्टी घडी घालून ठेवलीत तर घडीवरचे दिवे पुढच्या वर्षी लागत नाहीत. रिळावर सैल गुंडाळा, पिशवीत सिलिका जेलची दोन पाकिटं टाका आणि माळ्यावर ओल येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा.