‘स्टॉप-ऑटोमेशन-एक्झिक्युशन’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एडब्ल्यूएस (अॅमेझॉनची क्लाउड सेवा) सिस्टिम्स मॅनेजरमधलं चालू ऑटोमेशन (आपोआप एकामागून एक चालणाऱ्या पायऱ्या) टर्मिनलवरून थांबवायला एक ओळ पुरते: ‘एडब्ल्यूएस एसएसएम स्टॉप-ऑटोमेशन-एक्झिक्युशन’, पुढे 36 अक्षरांचा एक्झिक्युशन आयडी. थांबवण्याचा टाइप दिला नाही तर ‘कॅन्सल’ धरला जातो. आयडी हाताशी नसेल तर ‘डिस्क्राइब-ऑटोमेशन-एक्झिक्युशन्स’ला ‘इनप्रोग्रेस’चा फिल्टर लावा. रीजन (एडब्ल्यूएसचा भौगोलिक विभाग) चुकला तर आयडी बरोबर असूनही ‘नॉट फाउंड’ येतं, म्हणून रीजन आधी तपासा.

कमांड यशस्वी झाली तरी काही छापत नाही. स्टेटस ‘गेट-ऑटोमेशन-एक्झिक्युशन’ने स्वतःच बघायचं. तेही चालवून घेता येतं. खरा राग ‘कॅन्सल्ड’ या शब्दावर आहे. ‘कॅन्सल्ड’ म्हणजे पुढच्या पायऱ्या बंद. मागचा पसारा तसाच. एएमआय (सर्व्हरची तयार इमेज) बनवणाऱ्या रनबुकने (पायऱ्यांची यादी असलेल्या फाइलने) तात्पुरता इन्स्टन्स (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) उभा केला असेल तर तो चालूच राहतो आणि त्याचं बिलही चालू राहतं, कारण टर्मिनेटची पायरी सगळ्यात शेवटी असते आणि तिथवर काम पोचलेलंच नसतं. फुकट जाणारा प्रत्येक तास टोचतो.

रनबुकमधलं ‘ऑनकॅन्सल’ हे सेटिंग नीट वापरल्यावर हे मत बरंच निवळलं. पायरीत ‘ऑनकॅन्सल’ला आवराआवरीच्या पायरीचं नाव दिलं की रद्द केल्यावर ऑटोमेशन तिकडे वळतं. मात्र त्यासाठी जास्तीत जास्त 2 मिनिटं मिळतात. म्हणून तिथे ‘चेंजइन्स्टन्सस्टेट’ नको, ते इन्स्टन्स पूर्ण बंद होईपर्यंत वाट बघतं. ‘एक्झिक्यूटएडब्ल्यूएसएपीआय’ने टर्मिनेटची विनंती पाठवून मोकळं व्हावं.

तरी एक मर्यादा आहे. ‘ऑनकॅन्सल’ने ‘रनइन्स्टन्सेस’, ‘क्रिएटइमेज’, ‘कॉपीइमेज’, ‘क्रिएटस्टॅक’ या पायऱ्यांकडे वळताच येत नाही.

‘रनकमांड’ची (इन्स्टन्सवर कमांड चालवणारी) पायरी असेल तर इन्स्टन्सवरची स्क्रिप्टही तपासा. ‘कॅन्सल-कमांड’ वेगळी दिली तरी आतली प्रोसेस मरेलच याची हमी नाही.

‘ऑनकॅन्सल’ लावलेलं नसताना ‘क्रिएटइमेज’ चालू असतानाच थांबवलंत तर हाताने आवरा. ‘रनइन्स्टन्सेस’ पायरीच्या आउटपुटमधून इन्स्टन्स आयडी घ्या आणि तो टर्मिनेट करा. इमेजची विनंती ईसीटूकडे (एडब्ल्यूएसची इन्स्टन्स चालवणारी सेवा) गेलेली असते, त्यामुळे ऑटोमेशन थांबलं तरी एएमआय तयार होते. आधी ती डीरजिस्टर करा, मग तिचा स्नॅपशॉट (डिस्कची साठवलेली प्रत) डिलीट करा. उलट क्रमाने गेलात तर स्नॅपशॉट वापरात असल्याची एरर येते.