दिवाळीसाठी चीनमधून छपाई: बोट की विमान?
नागपुरात बसून चीनमधून मुलांची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं छापून घेत असाल तर माझं मत बोटच. माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरणार, कस्टम क्लिअर होणार, मग रेल्वेनं नाहीतर ट्रकनं इकडे, म्हणजे छपाई संपल्यावर दीड-दोन महिने हातात ठेवाच, अन् 1 ऑक्टोबरपासून तिकडे राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी असते, म्हणून दिवाळीचा माल ऑगस्टमध्येच निघायला हवा बाप्पा. विमानानं आठ-दहा दिवसांत येतं खरं, पण पुस्तकांचं भाडं वजनावर लागतं, सगळा नफा त्यातच जातो. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा छापील नमुना, मात्र विमानानंच मागवा, स्क्रीनवर छान केशरी दिसणारं संत्रं कागदावर विटकरी येऊ शकतं अन् ते छपाईआधीच कळलं पाहिजे.