दृष्टिपटलाच्या ऱ्हासाचा अभ्यास: ओसीटी, ऑटोफ्लुओरेसन्स की अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स?

रेटिनायटिस पिग्मेंटोसा व स्टारगार्ट हे आनुवंशिक आजार किंवा वयोपरत्वे होणारा मॅक्युलाचा (दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा) ऱ्हास यांचा दीर्घकालीन अभ्यास आखताना प्रतिमा घेण्याचे कोणते तंत्र निवडावे, हा प्रश्न नेमके काय मोजायचे हे ठरल्याशिवाय सुटत नाही.

एकच तंत्र परवडणार असेल तर माझ्या मते ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) घ्यावे. १९९१ मध्ये प्रथम मांडलेले हे तंत्र दृष्टिपटलाचा उभा छेद दाखवते आणि आजची यंत्रे खोलीच्या दिशेने सुमारे ५ ते ७ मायक्रॉनपर्यंतचा भेद टिपतात. रेटिनायटिस पिग्मेंटोसामध्ये प्रकाशग्राही पेशींचा एलिप्सॉइड पट्टा (ओसीटीत दिसणारी उजळ रेषा) कडेकडून मध्याकडे आखडत जातो. त्याची रुंदी दर भेटीत त्याच जागी मोजता येते, म्हणून रोगाची गती ठरवण्यासाठी तो भरवशाचा ठरतो. आडव्या दिशेने मात्र नेहमीच्या ओसीटीला सुटी पेशी दिसत नाही.

मृत भागाचे क्षेत्रफळ हवे असेल तर ऑटोफ्लुओरेसन्स, म्हणजे ऊतीची स्वतःची चमक टिपणारे तंत्र, सरस ठरते. निळ्या प्रकाशात प्रकाशग्राही पेशींखालच्या रंजक थरात साठलेले लिपोफ्युसिन हे द्रव्य उजळते आणि तो थर नष्ट झालेला भाग काळा दिसतो. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या, मॅक्युलाच्या ऱ्हासावरील पेगसेटाकोप्लॅन या औषधाच्या चाचण्यांत याच काळ्या क्षेत्राची वाढ हा मुख्य निकष होता. तेथे वाढ मंदावली, पण दृष्टीत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, हे क्षेत्रफळावर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. शिवाय मॅक्युलातील पिवळे रंजक निळा प्रकाश शोषून घेत असल्याने केंद्राजवळची कड फसवी असते. ती ओसीटीशी ताडून पाहावी. स्टारगार्टच्या रुग्णांसाठी प्रकाशाची तीव्रता कमी ठेवणे श्रेयस्कर.

अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स मूळचे खगोलशास्त्रातले. डोळ्यातील प्रकाशीय दोष लवचीक आरशाने दुरुस्त करून १९९७ मध्ये रॉचेस्टर येथील संशोधकांनी जिवंत डोळ्यातील शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या प्रकाशग्राही पेशी) टिपल्या. सुमारे २ मायक्रॉनचा भेद आणि पेशींची प्रत्यक्ष मोजणी ही त्याची ताकद आहे. मात्र एका चौकटीत जेमतेम एक-दोन अंशांचा भाग मावतो, मोतीबिंदू किंवा अस्थिर नजर असल्यास प्रतिमा बिघडते, आणि चौकटींच्या जोडकामासह विश्लेषणात बराच वेळ जातो. शिवाय कॉन्फोकल (पेशीवरून थेट परतलेला प्रकाश टिपणाऱ्या) प्रतिमेत न दिसणारी शंकुपेशी मेलेलीच असते असे नाही. तिचा आतला भाग शाबूत आहे का, हे विखुरलेला प्रकाश टिपणाऱ्या स्प्लिट-डिटेक्शन पद्धतीने पाहावे लागते. जनुकोपचारापूर्वी वाचवण्याजोग्या पेशी उरल्या आहेत का, अशा मोजक्या रुग्णांपुरत्या प्रश्नासाठी हा खटाटोप सार्थ आहे. शेकडो रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी ओसीटी आणि ऑटोफ्लुओरेसन्स यांची जोडीच पुरेशी ठरते.