दुबईचं थकलेलं लोन मिटवून देणारी नागपूरची सर्व्हिस: सल्ला घ्या, टक्केवारीत पडू नका

आखातातून परत आलेल्या लोकांचं तिकडच्या बँकेचं लोन नि क्रेडिट कार्ड मिटवून देतो अशी जाहिरात करणारी एक एजन्सी आहे नागपुरात. नाव नाही लिहीत कारण अर्ध्या गोष्टी तक्रारीच्या आहेत, पण दिग्रस, पुसद, दारव्ह्याकडचे जे पोरं दुबई-शारजात आहेत आणि परत यायचं म्हणून रायले त्यांनी वाचून घ्या.

प्रकरण माझ्या मोठ्या भावाचं. तिकडे एसीचं काम करत होता, कंपनीनं माणसं कमी केली, ग्रॅच्युइटी पगाराच्याच खात्यात आली आणि लोन त्याच बँकेचं, त्यामुळे बँकेनं ती लगेच वळती करून घेतली. तरी मुद्दल राहिलं ३१ हजार दिरहम. भाऊ घरी आला तेव्हा गावात सगळे म्हणे, "कायले भरतं बे, थे बँकवाले काय अठी येऊन रायले का?" आणि दुसरीकडे वसुलीवाल्याचा रोज फोन, की वावरावर जप्ती आणू, सरपंचाला सांगू. घरात माय रडकुंडीला आलेली, म्हणून ह्या एजन्सीला फोन केला.

त्यांचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे ठरलेली फी देऊन वकील कागद पाहतो आणि व्हिडिओ कॉलवर समजावून सांगतो. दुसरं म्हणजे ते स्वतः बँकेशी बोलतात आणि जेवढे "वाचवले" त्याच्या १५ टक्के घेतात.

पहिला प्रकार एकदम मस्त, पैसा वसूल. वकीलसाहेब वऱ्हाडीतच बोलले, घाई केली नाही. त्यांनी सांगितलं की गाववाले म्हणतात ते जुनं झालं. १७ जानेवारी २०२० ला केंद्र सरकारनं राजपत्र काढून अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ मधे घेतलं, म्हणजे तिकडच्या कोर्टाचा पैशाचा निकाल आपल्या जिल्हा कोर्टात आपल्याच निकालासारखा अंमलात आणता येते. पण त्याचा अर्थ वसुलीवाला उद्या ट्रॅक्टर घेऊन जाईल असा बी नाही. आधी तिकडे निकाल लागला पाहिजे, त्याची प्रमाणित प्रत इकडच्या कोर्टात आली पाहिजे, आणि नोटीसच मिळाली नव्हती, बाजू ऐकलीच नाही असं काही असलं तर कलम १३ खाली हरकत घेता येते. वावराचा सातबारा बाबाच्या नावावर, बाबाची स्वतः घेतलेली जमीन, ती पोराच्या कर्जात जात नाही हे ऐकल्यावर बाबा त्या दिवशी नीट जेवला. वडिलोपार्जित असती तर भावाच्या हिश्श्याचा प्रश्न आला असता, ते बी त्यांनी लपवलं नाही.

लोन देताना बँक हमी म्हणून सही केलेला चेक घेऊन ठेवते, त्या सिक्युरिटी चेकचं पण क्लिअर झालं. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर तो गुन्हा, हे २ जानेवारी २०२२ पासून तिकडे राहिलं नाही, पण बँक त्याच चेकवर थेट वसुलीच्या कोर्टात जाऊ शकते. आणि १० हजार दिरहमच्या वर थकलं असलं तर बँक कोर्टाकडून प्रवासबंदी मागू शकते. भावाला पुन्हा तिकडे नोकरीला जायचं आहे, सगळा फैसला ह्याच मुद्द्यावर झाला, की भरायचं.

आता दुसरा प्रकार, इथं डोकं फिरते. मुद्दल ३१ हजार, दंड-व्याज धरून बँकेचा आकडा ५२ हजार झाला होता. बँक एकरकमी ३० हजारात तयार झाली. एजन्सी म्हणते आम्ही २२ हजार वाचवले, त्याचे १५ टक्के म्हणजे ३३०० दिरहम द्या, म्हणजे आपले पाऊण लाख रुपये! अरे पण जो दंड सोडला तो बँकेनंच लावला नि बँकेनंच सोडला, तुम्ही काय केलं? वर भावाकडून मुखत्यारपत्र मागत होते, नोटरी, गृह विभाग, परराष्ट्र खातं, मग अमिरातीचा दूतावास, एवढे शिक्के. आम्ही सही केली नाही. भावानं बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरूनच स्वतः लिहिलं, साधं तुटकंमुटकं इंग्रजी, काम झालं. बँकेची ३० हजाराची ऑफर तर त्याच मेलच्या उत्तरात आली होती, एजन्सीनं तिचा फक्त हिशोब लावला.

पैसे पाठवताना तालुक्याच्या ब्रँचमधे फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) म्हटलं की साहेब आपल्याकडेच पाहते, शेवटी यवतमाळला जावं लागलं. परदेशात असताना घेतलेलं लोन इथं आल्यावर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस म्हणजे इथून परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून फेडता येते, पॅन लागते, बस. हे बी वकीलसाहेबांनीच सांगितलं होतं, पहिल्याच फीमधे.

जे अजून तिकडे आहेत त्यांनी निघायच्या आधी बँकेकडून लायबिलिटी लेटर (किती देणं बाकी आहे त्याचं पत्र) घ्या, कार्ड नुसतं कापून फेकू नका, बंद केल्याचं लेखी घ्या. आणि तिकडचं सिम चालू ठेवा ना राजेहो! ओटीपी त्याच नंबरवर येते, सिम बंद म्हणजे ॲप बंद, मग आपलंच खातं आपल्याला पाहता येत नाही. भावाचा नंबर एका रूममेटनं रिचार्ज करून जिवंत ठेवला म्हणून निभावलं.

सेटलमेंटचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर पाहिजे, त्यात खाते नंबर, रक्कम, तारीख आणि ह्यानंतर काही बाकी नाही असं स्पष्ट लिहिलेलं. ते हातात आल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, वसुलीवाल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या खाते नंबरवर तर बिलकुलच नाही.

सल्ल्याला ५ पैकी ५, टक्केवारीच्या पॅकेजला १. नाही म्हटल्यावर त्यांच्या ऑफिसच्या मॅडम जरा तुसड्या बोलल्या, पण सल्ल्याची पावती बरोबर दिली. बँकेचं क्लिअरन्स लेटर आलं, सिक्युरिटी चेक अजून परत आला नाही, भावानं पुन्हा मेल टाकलाय. आला की इथंच खाली लिहितो.