मणक्याचं वाकणारं मॉडेल: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या वर्गासाठी कवटीच्या तळापासून पेल्व्हिसपर्यंतचं, स्टँडला टांगायचं प्लॅस्टिकचं मॉडेल. जळगावचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यानं काढलाय. नसा कुठून बाहेर पडतात ते दाखवायला फार उपयोगी. मज्जारज्जू कुठे संपतो, यात मात्र ते मुलांना सरळ चुकीचं शिकवतं.

आतली पिवळसर नळी थेट त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडापर्यंत जाते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू ४२ ते ४५ सेंमीचा, कणा ७० सेंमीच्या आसपास. त्यामुळे रज्जू एल१-एल२ पाशीच (कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी) संपतो, खाली फक्त मुळांचा झुपका राहतो, कॉडा इक्वायना. पाठीतून पाणी काढताना सुई एल३-एल४ किंवा एल४-एल५ मध्ये घालतात ती यासाठीच. तान्ह्या बाळाचा रज्जू एल३ पर्यंत येतो, तिथे वरची जागा धोक्याची. हे डोळ्यांनी दिसायलाच हवं. म्हणून मॉडेल पुढे वाकवा, मागच्या फटीतून एल१ च्या खालच्या कडेला नळीवर काळी टेप गुंडाळा आणि तिच्यात पिवळ्या लोकरीचे धागे अडकवून चिमट्यानं एकेका छिद्रातून बाहेर काढा. तासाभराचं काम आहे, पण त्याशिवाय वर्गात आणू नका.

घेताना नसा मोजा. खऱ्या ३१ जोड्या: मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकाच्या ५, माकडहाडाची १. मानेचे मणके सातच. पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सी७ च्या (मानेच्या सातव्या मणक्याच्या) खालून, आणि तिथून पुढे सगळ्याच खालून. आकडे चुकतात ते इथेच.

सर्वात मोलाची जागा एल४-एल५ या मणक्यांमधली लाल, बाहेर आलेली गादी (डिस्क). "कंबर दुखस, पायले मुंग्या येतस" म्हणणारा पेशंट मुलांना इथे कळतो. एल४ ची नस छिद्राच्या वरच्या भागातून आधीच निसटलेली असते, म्हणून मागे-बाजूला सरकलेली गादी बहुतेकदा खाली जाणारी एल५ दाबते. पायाचा अंगठा वर उचलायची ताकद कमी होते, पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा येतो. गादी एल५-एस१ ची असेल तर एस१ (त्रिकाची पहिली नस) दबते, घोट्याचा झटका (रिफ्लेक्स) मंदावतो. बोट ठेवून दाखवलं की पाठ करावं लागत नाही.

मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत नसांचे तुकडे मऊ पडून लोंबतात, डिंक सुटतो. फेविक्विकचा एकच थेंब लावा. जास्त झाला तर गादी मणक्याला चिकटते आणि मॉडेल वाकायचं थांबतं. पुसायला साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं घ्या. थिनरनं मॉडेलवरचे आकडे उडतात. पावसाळ्यात स्टँडच्या स्क्रूला मशीनचं तेल लावा.

पुढचं हालचालीचं मूळ आणि मागचं संवेदनेचं मूळ यात वेगळी दाखवलेली नाहीत, मागच्या मुळावरची गाठही नाही. त्यासाठी रज्जूच्या आडव्या छेदाचा तक्ता शेजारी लावावाच लागतो.