तीन हजार मिलिग्रॅम, पण नेमके कशाचे?

‘झोपेसाठी सीबीएन’ (म्हणजे गांजाच्या झाडातील कॅनाबिनॉल हे द्रव्य) या जाहिरातीखाली समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या तेलाच्या एका बाटलीपायी कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावशीचे 4,800 रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही. परंतु पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने जी धमकी दिली, ती ऐकून कितीतरी ज्येष्ठ नागरिक तक्रारीच्या वाटेलाच जात नसतील, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. त्यामुळे ती बाटली आणि तिच्यासोबतचा तपासणी अहवाल मला बारकाईने वाचता आला.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मावशीची झोप उडाली होती. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या एका ‘सल्लागारा’ने व्हिडिओ कॉलवर तिला सांगितले की सीबीडी (त्याच झाडातील, नशा न आणणारे दुसरे द्रव्य) आता जुने झाले, सीबीएन हे त्याच्या पुढचे आहे, त्याने नशा येत नाही आणि अमेरिकेत ते कायदेशीर असल्याने इथेही काळजीचे कारण नाही. यातले शास्त्र एवढेच आहे की गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य हवा, उजेड आणि काळ यांमुळे ऑक्सिडीकरण होऊन हळूहळू सीबीएनमध्ये बदलते. म्हणूनच जुन्या, साठवलेल्या मालात ते जास्त आढळते. त्याने गाढ झोप लागते याचा मानवी अभ्यासांतील पुरावा अजून तोकडा आहे.

बाटली 30 मिलिलिटरची होती आणि तिच्यावर ठळक सोनेरी अक्षरांत ‘हेंप एक्स्ट्रॅक्ट 3000 मिलिग्रॅम’ असे छापले होते. हेंप म्हणजे गांजा-भांगेच्याच झाडाचा, टीएचसी अगदी कमी असलेला प्रकार. खरी मेख इथे आहे. सीबीएन किती, हे बाटलीवर कुठेच नव्हते. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा टायपात, घटक म्हणून ‘हेंपच्या बियांचे तेल, नारळापासूनचे एमसीटी तेल’ एवढेच लिहिले होते. एवढ्या बाटलीत साधारण 27 ते 28 ग्रॅम तेल मावते, म्हणजे तो तीन हजारांचा आकडा खरा धरला तरी त्याचा अर्थ असा की नवव्या हिश्श्याइतके बियांचे तेल दुसऱ्या तेलात मिसळले आहे. सीबीएन, सीबीडी, टीएचसी यांसारखी कॅनाबिनॉइड द्रव्ये झाडाच्या फुलोऱ्यावरील आणि पानांवरील राळेच्या सूक्ष्म ग्रंथींत तयार होतात, बियांत नाहीत. बियांना चिकटून येतो तो त्यांचा नाममात्र अंश. उत्तराखंडात घरोघरी भांगेच्या बियांची चटणी वाटली जाते, ती खाऊन कोणी पेंगत नाही.

बाटलीवरील क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जो अहवाल उघडतो, तो प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर नव्हे, विक्रेत्याच्याच पानावर उघडतो. त्यात सीबीएनची शुद्धता 99 टक्क्यांहून अधिक दाखवली होती. तेलात मिसळलेल्या द्रव्याचा निष्कर्ष असा येणे शक्यच नाही, तो स्फटिकरूप कच्च्या मालाचाच असणार. नमुना पाठवणाऱ्याच्या नावावर काळी पट्टी होती, तारीख 2021 ची होती आणि बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. हा आजार केवळ आपल्याकडचा नाही, हेही सांगायला हवे. 2017 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 84 सीबीडी उत्पादनांपैकी जेमतेम 31 टक्क्यांवरील मजकूर खरा निघाला होता आणि 18 नमुन्यांत टीएचसी सापडले होते.

‘अमेरिकेत कायदेशीर’ या वाक्यावर हा सगळा धंदा उभा आहे. तिथल्या 2018 च्या कृषी कायद्याने फक्त डेल्टा-9 टीएचसीवर, म्हणजे टीएचसीच्या मुख्य प्रकारावर, 0.3 टक्क्यांची मर्यादा घातली, त्या फटीतून सीबीडीवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेले डेल्टा-8, एचएचसी असे नशा आणणारे प्रकार बाजारात आले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये मंजूर झालेल्या तरतुदीने ती फट बुजवत, वर्षभराची मुदत देऊन, तयार उत्पादनाच्या प्रत्येक डब्याला एकूण टीएचसीची 0.4 मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. पुण्यात यातले काहीच लागू होत नाही. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या अनुसूचीत डेल्टा-8 सह टीएचसीचे अनेक प्रकार नावानिशी आहेत. ‘लीगल हेंप’ म्हणून तसल्या गमीज (चघळायच्या गोळ्या) मागवणारा स्वतःही अडचणीत येऊ शकतो. नोव्हेंबर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्य म्हणून मान्यता दिली ती हेंपच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना, आणि वेष्टनावर बियांखेरीज झाडाच्या कोणत्याही भागाचे चित्र छापायला मनाई केली. भांगेपासूनची आयुर्वेदिक औषधे वेगळ्या वाटेने येतात. त्यांना आयुर्वेदिक औषधांचा उत्पादन परवाना लागतो आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असावी लागते. मावशीच्या बाटलीवर हिरवेगार पान होते आणि क्रमांक होता तो खाद्यपदार्थाच्या परवान्याचा. बाटली आतून काय आहे, ते त्या एका क्रमांकावरूनच कळण्यासारखे होते.

पैसे परत मागताच त्या सल्लागाराचा सूर बदलला. “मॅडम, हा माल गांजाच्या झाडाचा आहे आणि पार्सल तुमच्या नावावर आहे. पोलिसांत गेलात तर आधी तुम्हालाच बसवतील.” मावशी हादरली. “जाऊ दे गं, या वयात कुठे ती पोलिसांची कटकट,” असे म्हणून तिने विषय मिटवायला घेतला होता. वास्तविक ती धमकी पोकळ होती. बाटलीत खरोखर फुलोऱ्याचा अर्क असता, तर तो राजरोस विकणाराच आधी कायद्याच्या कचाट्यात सापडला असता; आणि ते बियांचे तेल असेल, तर बिया त्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येतूनच वगळलेल्या आहेत. घाबरवायला ‘गांजा’ आणि विकायला ‘कायदेशीर’, ही दोन्ही विधाने एका बाटलीबद्दल खरी असू शकत नाहीत. हेच मी त्याला लिहून पाठवले, तेव्हा त्याने क्रमांक ब्लॉक केला.

त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात लेखी अर्ज दिला. सोबत बाटलीच्या चारही बाजूंची छायाचित्रे, तो अहवाल, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण आणि यूपीआयची पावती जोडली. पावतीवर कंपनीचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव होते. उरलेले तेल नमुना म्हणून तसेच ठेवले आहे, कुणीही ते फेकून देऊ नये. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, त्यामुळे पैसे न मिळाल्यास तिथे जाणार आहोत. विक्रेत्याचे पान आता नव्या नावाने सुरू आहे. तीच बाटली तिथे ‘सीबीजी’ (याच झाडातील आणखी एक द्रव्य) म्हणून 5,200 रुपयांना मिळते, आणि छायाचित्रातील बॅच क्रमांकही त्यांनी बदललेला नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट आम्ही तक्रारीला पुरवणी म्हणून जोडला आहे.