झोटेरो: संदर्भांचा चोख कारकून, मराठी नोंदी मात्र तपासूनच घ्या

संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी पैसे मोजून एंडनोट घ्यावं, मेंडेली वापरावं की फुकटचं झोटेरो पुरेल, हा प्रश्न पीएचडीची नोंदणी झाली की लगेच समोर येतो. विषय पदार्थविज्ञान असो, वैद्यक असो वा इतिहास, आमचं उत्तर झोटेरो. फक्त मराठी साहित्यावर काम करणाऱ्यांनी सुरुवातीला थोडी शिस्त लावून घ्यायला हवी. ती नसेल तर संदर्भसूचीत होणारा घोळ शेवटच्या आठवड्यात निस्तरत नाही.

झोटेरो अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासाच्या अभ्यासकांनी २००६ साली सुरू केलं. तेव्हा ते फायरफॉक्सचं जोडअंग होतं, आता स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ऑगस्ट २०२४ च्या सातव्या आवृत्तीपासून पीडीएफबरोबर ईपब पुस्तकं आणि साठवलेली वेबपानंही आतच उघडून त्यांवर खुणा करता येतात.

मुख्य प्रोग्रॅमबरोबर ब्राउझरमध्ये 'कनेक्टर' बसवायलाच हवा. पबमेड, अर्काइव्ह (arXiv) किंवा जेस्टोर यांसारख्या लेखसंग्रहांच्या संकेतस्थळांवर लेख उघडून कनेक्टरचं बटण दाबलं की लेखक, शीर्षक, खंड, पानं सगळं नोंदीत येतं, मिळत असेल तर पीडीएफही. दुसरी वाट जादूच्या कांडीच्या बटणाची: तिथे डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक), पबमेड क्रमांक किंवा अर्काइव्ह क्रमांक टाकायचा. पीडीएफ आधीच संगणकावर असेल तर नुसती ओढून टाकली तरी झोटेरो पहिल्या पानांवरचा मजकूर वाचून नोंद शोधतं. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मात्र मजकूर नसतो, चित्र असतं, त्यामुळे तिथे हाती काही लागत नाही.

सरकारी संस्थांमधल्या वाचकांसाठी एक बारकावा. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सुमारे ६,३०० संस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं खुली झाली. तुम्ही ब्राउझरमधून लॉग-इन केलेलं असेल तर पीडीएफ कनेक्टरनेच उतरवा, कारण तो ब्राउझरची परवानगी वापरतो. प्रोग्रॅममधल्या 'फाइंड फुल टेक्स्ट'ला तुमच्या लॉग-इनचा पत्ता नसतो. पण योजनेबाहेरच्या खाजगी महाविद्यालयात असाल तर तेच बटण कामाचं, कारण ते अनपेवॉलच्या यादीतून कायदेशीर मोफत प्रत शोधतं.

आमच्या मते झोटेरोची सर्वात मोलाची सोय मागे घेतलेल्या, म्हणजे छापल्यानंतर नियतकालिकाने रद्द ठरवलेल्या लेखांची. अशा लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या संचाशी ते तुमच्या नोंदी पडताळत राहतं. लेख मागे घेतला गेला की नोंदीवर लाल खूण येते, वर पट्टी झळकते आणि वर्डमध्ये तो संदर्भ घालू गेलात तर ते आधी विचारतं. कोविडवर वापरलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाबद्दलचा, सर्जिस्फिअर या कंपनीच्या आकडेवारीवर बेतलेला लेख 'द लॅन्सेट'ने २२ मे २०२० ला छापला आणि ४ जूनला मागे घेतला. मधल्या दिवसांत ज्यांनी तो साठवला, त्यांना पुन्हा संकेतस्थळावर गेल्याशिवाय हे कळणार कसं? अल्झायमरवरचा २००६ चा 'नेचर'मधला गाजलेला लेख तर १८ वर्षांनी, २०२४ मध्ये मागे गेला. फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूचा दावा करणारा 'सायन्स'मधला २०१० चा लेख जुलै २०२५ मध्ये. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून अधिक लेख मागे घेतले गेले आणि त्यांतले बहुतेक एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे होते. हे हाताने तपासत बसणं कोणाच्याच आवाक्यातलं नाही.

ही पडताळणी डीओआय किंवा पबमेड क्रमांकावरच होते. हाताने टाइप केलेल्या नोंदीत यांपैकी काही नसेल तर ती चाळणीतून निसटते. म्हणून वैद्यकातल्या प्रत्येक नोंदीला डीओआय आहे ना, हे एकदा बघून घ्यावं. 'अ‍ॅडव्हान्स्ड सर्च'मध्ये डीओआयच्या चौकटीत '10.' नसलेल्या नोंदी शोधल्या की रिकाम्या जागा लगेच दिसतात.

पूर्वप्रकाशनांचं, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधीच खुल्या केलेल्या लेखांचं, थोडं वेगळं. अर्काइव्ह किंवा बायोअर्काइव्हवरून घेतलेली नोंद 'प्रीप्रिंट' या प्रकारात येते. तोच लेख पुढे नियतकालिकात छापून आला की दुसरी नोंद तयार होते आणि झोटेरो त्या दोन्ही आपोआप जोडत नाही. 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये जोडी दिसली तरी प्रकार वेगळे असतील तर 'मर्ज' होणार नाही. आधी प्रीप्रिंटचा प्रकार बदलून 'जर्नल आर्टिकल' करा, मग एकत्र करा. हे टाळलंत तर एकच काम संदर्भसूचीत दोनदा येतं, आणि परीक्षकाच्या नजरेला ते हमखास पडतं.

आता मराठी. इथे झोटेरोचा दोष अर्धाच, उरलेला ग्रंथालयांच्या सूचींचा. आयएसबीएन टाकून मराठी पुस्तक मागवलं तर पुष्कळदा काहीच मिळत नाही. मिळालं तर रोमन लिपीत, अक्षरांवर आडव्या रेघा, खाली टिंबं आणि बऱ्याच नावांच्या शेवटी जास्तीचा 'a'. १९७० पूर्वीच्या पुस्तकांना आयएसबीएन नाहीच. त्यामुळे प्रबंधात एकच लिपी ठरवा आणि पहिल्या नोंदीपासून तीच वापरा. राजवाडे एका नोंदीत देवनागरीत आणि दुसरीत रोमनमध्ये असतील तर झोटेरोच्या दृष्टीने ते दोन लेखक होतात आणि सूचीत दोन टोकांना जाऊन बसतात. आडनाव पहिल्या चौकटीत, 'विश्वनाथ काशिनाथ' दुसऱ्या चौकटीत. निवडलेली शैली (संदर्भ मांडण्याची ठरावीक पद्धत) देवनागरी नावांची आद्याक्षरं कशी दाखवते हे एका नोंदीवर आधीच पाहा. नीट येत नसतील तर दुसऱ्या चौकटीत सरळ 'वि. का.' लिहा.

तारखेत सर्वाधिक गफलत होते. देवनागरी आकड्यांत लिहिलेलं वर्ष झोटेरो वाचू शकत नाही, तिथे इंग्रजी आकडेच हवेत. जुन्या पुस्तकावर 'शके १८४९' असेल आणि तुम्ही ते आकडे इंग्रजीत करून जसेच्या तसे टाकलेत, तर झोटेरो ते इसवी सन १८४९ धरतं आणि पुस्तक एका फटक्यात ७८ वर्षं मागे जातं. शकात ७८ मिळवून इसवी सन तारखेत लिहा. पौषाच्या सुमारास १ जानेवारी उलटल्यावर, फाल्गुनअखेरपर्यंत निघालेल्या पुस्तकाला ७९ मिळवावे लागतात. मूळ शक 'एक्स्ट्रा' चौकटीत ठेवा. पुनर्मुद्रण वापरत असाल तर त्याच चौकटीत 'ओरिजिनल-डेट' हे इंग्रजी नाव, मग विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं आणि पहिल्या आवृत्तीचं साल लिहावं. एपीएसारख्या शैली ते उचलतात.

दिवाळी अंकाला सहसा अंक क्रमांक नसतो, म्हणून 'इश्यू'मध्ये 'दिवाळी अंक' आणि तारखेत नुसतं साल. जुन्या मासिकांवरचं 'पुस्तक' म्हणजे 'व्हॉल्यूम', ते शीर्षकात टाकू नका. शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहातले) प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. प्रत्येक प्रकरणाची वेगळी नोंद न करता 'थीसिस' ही एक नोंद करून सगळ्या पीडीएफ तिच्याखाली जोडाव्यात.

'संपा.' आणि 'व इतर' हे शब्द झोटेरो नोंदीच्या भाषेनुसार बदलत नाही. संपूर्ण दस्तऐवजाला एकच भाषा लागते, म्हणून मराठी नावांमागे 'एट अल.' येऊन बसतं. शैलीची फाइल उघडून शब्द बदलता येतात, पण मग इंग्रजी नोंदींमागेही 'व इतर' येईल. विद्यापीठ मराठी आणि इंग्रजी संदर्भ वेगळे मागत असेल तर तेही झोटेरो स्वतःहून करत नाही. दोन कलेक्शन करून प्रत्येकाची सूची वेगळी काढायची, तीही लेखन पूर्ण झाल्यावर, कारण अशी काढलेली सूची पुढे अद्ययावत होत नाही. इतक्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही उणीव खटकते.

शोधाच्या बाबतीतही सावध राहा. झोटेरो पीडीएफच्या पहिल्या १०० पानांचाच मजकूर अनुक्रमित करतं. तीनशे पानी प्रबंधातला शब्द सापडला नाही म्हणून तो तिथे नाहीच असं समजू नका. सेटिंग्जमध्ये ही मर्यादा वाढवता येते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या पीडीएफ पडद्यावर सुरेख दिसतात, पण आत अर्थहीन अक्षरं असतात. त्यांच्यावर आणि स्कॅनवर टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी संचाने मजकुराचा थर चढवून मगच त्या झोटेरोत टाका.

साठवणुकीला ३०० एमबी मोफत मिळतात. पीडीएफचं वेड असेल तर ते लवकर संपतात. २ जीबीला वर्षाला २० डॉलर, ६ जीबीला ६०, अमर्याद जागेला १२०. नोंदींचं समक्रमण मात्र मोफतच आहे आणि पीडीएफसाठी स्वतःची वेबडॅव्ह (सर्व्हरवर फाइली ठेवण्याची) जागा जोडता येते. पैसे वाचवायला झोटेरोचं अख्खं फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये किंवा गूगल ड्राइव्हमध्ये हलवू नका. सगळ्या नोंदी एका एस्क्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये असतात आणि दोन संगणकांनी ती एकाच वेळी हाताळली की ती बिघडते. प्रोग्रॅम बंद करून फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणं हा खरा बॅकअप.

वर्डमध्ये संदर्भ घातल्यावर तो हाताने खोडू किंवा सुधारू नका, नोंदीत सुधारा. दोन-तीनशे संदर्भ झाले की वर्ड अडखळू लागतं, तेव्हा दस्तऐवजाच्या सेटिंगमधून आपोआप अद्ययावत होणं बंद करा आणि दिवसाअखेरीस एकदा 'रिफ्रेश' दाबा. लिब्रेऑफिसमध्ये 'रेफरन्स मार्क' निवडले असतील तर फाइल ओडीटीमध्येच ठेवा, वर्डच्या डॉक्स (.docx) प्रकारात साठवलीत तर संदर्भांचे दुवे तुटतात. नियतकालिकाकडे पाठवताना 'अनलिंक सायटेशन्स' (संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तोडणं) मूळ फाइलवर करू नका, तिच्या प्रतीवर करा. कारण परीक्षकांनी दुरुस्त्या मागितल्यावर पुन्हा मूळ फाइलच उघडावी लागते.